दुर्बिणीवरची टोपी

माझ्या भावाबद्दल, थेन जेप्सनबद्दल, आमच्या गावात कुणालाही विचारा. पहिलं वाक्य ठरलेलं आहे : "माणूस एकदम सरळ." मी त्याची थोरली बहीण, नेड्रा. पेट्रोलपंपाला लागून माझी खानावळ आहे आणि अख्खं गाव तिथे जेवून जातं, त्यामुळे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सरळ तर विजेचा खांबही असतो. त्याच्याशी कुणी दोन शब्द बोलायला जातं का?

थेनचा धंदा खेचरांचा. युटातल्या या लाल ओसाड मुलखात आमचं गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च आणि डोक्यावर हेन्री डोंगर. त्या डोंगरावर बायसनचा, म्हणजे इकडच्या रानगव्यांचा, कळप मोकळा फिरतो. जमीन सरकारी, कुंपण नाही, मालक नाही. शिकारीचा परवाना सोडतीत निघतो आणि जन्मात एकदाच मिळतो. एकदा लागला की तुमचं नाव कायमचं बाद. शहरातले दाताचे डॉक्टर, वकील, कोण कोण वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि डोक्यावरचे केस गेल्यावर एकदाचे इथे उगवतात. मग त्यांना कळतं की बायसन मारणं सोपं, डोंगरावरून खाली आणणं कठीण. बायसनची मादी, आम्ही तिला गायच म्हणतो, म्हणजे चार-पाच खेचरांचं ओझं, आणि मटण हाडाशी आंबायच्या आत खाली यायला हवं. तिथे थेन लागतो.

तो स्वतःही दरवर्षी अर्ज करायचा, लग्न झालं त्या वर्षापासून. उन्हाळ्याच्या तोंडावर सोडत निघायची आणि थेनचं नाव नसायचं. लोकांची मुंडकी आणि कातडी वाहून त्याच्या खेचरांच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, पण त्याच्या बंदुकीतून कळपावर एक गोळी सुटली नव्हती.

"तुझी चिठ्ठी त्यांनी टाकूनच दिली असणार," मी चिडवायची.

"असेल. तू बटाटे वाढ."

केल्टन त्याचा एकुलता एक मुलगा. चालायला लागला तेव्हापासून खेचरांच्या पायांत. पुढे धंदा तोच बघणार हे बोलून दाखवायचीही गरज नव्हती. बाविसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा अर्ज केला आणि पहिल्याच फटक्यात एका गायीचा परवाना लागला. थेन त्या दिवशी माझ्याकडे येऊन सगळ्यांना सांगत होता, पोराचं नशीब बघा म्हणून. खूश होता. पण जरा पोटातही दुखत होतं. माझ्यापासून काय लपणार?

शिकारीच्या दिवशी केल्टन खाली झुडपांत पालथा पडला होता आणि थेन वर कड्यावर, दुर्बीण घेऊन. केल्टनने एक गोळी झाडली. कळप घुसळला, धूळ उठली. थोड्या वेळाने त्याने दुसरी झाडली. धूळ खाली बसली तेव्हा दोन गाई पडल्या होत्या. परवाना एकीचाच.

"बाबा, पहिली गोळी लागली ती गाय कळपात घुसली," केल्टन सांगत होता. "मग एक बाहेर आली, तिच्या खांद्यावर रक्त होतं. मला वाटलं तीच. म्हणून पुन्हा झाडली."

"रक्त उडी मारून दुसऱ्याच्या अंगावर जात नाही," थेन म्हणाला.

"होतं बाबा. तू तिथून बघितलं नाहीस, मी बघितलं."

दुसऱ्या गायीला गोळी खांद्यातच लागलेली. तिथे आधीचं रक्त कुठलं आणि नंतरचं कुठलं, कोण सांगणार? पोराने लपवाछपवी केली नाही. शिकारखात्याच्या माणसाला फोन त्यानेच केला. तो आला, त्याने केल्टनचं ऐकून घेतलं आणि मग वळून थेनला विचारलं, "तुम्ही वरून बघत होतात. काय झालं?"

आणि माझा सरळ भाऊ म्हणाला, "त्याने न बघता झाडली."

बस. एवढंच. 'धूळ होती, मला नीट दिसलं नाही' एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं, कारण खरं तेच होतं. मी नंतर त्याला माझ्या स्वयंपाकघरात धरून विचारलं, "तुला दिसलं का रे, त्याने न बघता झाडली ते?"

"दिसायला काय हवं? दोन पडल्या ना?"

"अरे, पोर सांगतंय की."

"मी इतकी वर्षं हा डोंगर चढतोय, नेड्रा. चूक केली की माणूस काहीतरी सांगतोच."

थेन जेप्सनचा शब्द म्हणजे या भागात दगडावरची रेघ. न्यायाधीशाने दुसरं काही विचारलंच नाही. केल्टनचा शिकारीचा हक्क सात वर्षं गेला, आणि त्याबरोबर लोकांना शिकारीला न्यायचं कामही गेलं. दंड भरला, सामान गाडीत टाकलं आणि तो डोंगरापलीकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला. तिथे तिसऱ्या वर्षी त्याचा उजवा हात कोळसा वाहणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यात सापडला. हात राहिला, पण त्याची मूठ वळत नाही. सात वर्षं संपली तोवर बंदूक धरायला हातच उरला नव्हता.

मार्वा, त्याची आई, गेली तेव्हा तो चर्चमध्ये आला. दारात रांगेत उभा राहिला, येईल त्याचा हात डाव्या हाताने धरत होता. बाप समोर आल्यावर त्याने तो हात खिशात घातला. दोनशे माणसांनी पाहिलं. वर मार्वाच्या मयताच्या जेवणाचे बटाटे नंतर मीच सगळ्यांना वाढले. मला त्या दिवशी दोघांनाही फटके द्यावेसे वाटले.

थेनने काय केलं असेल? एक नियम केला. केल्टनच्या त्या प्रकारानंतर जो कोणी त्याच्याबरोबर डोंगरावर जाईल त्याने पहिली गोळी झाडल्याबरोबर डोक्यावरची टोपी काढायची आणि बंदुकीच्या दुर्बिणीवर घालायची. म्हणजे डोळा लावताच येत नाही. मान वर करून नुसतं बघायचं. आपलं जनावर कळपातून पूर्ण वेगळं झालं, थेनची खात्री पटली, की थेन स्वतः टोपी उचलणार. तोवर बोट चापाला लावायचं नाही. मोठमोठे लोक त्याच्यापुढे बोडक्या डोक्याने थंडीत कुडकुडत बसायचे. एकाने कुरकुर केली तेव्हा थेन त्याला म्हणाला होता, "तेव्हा ही एक टोपी नव्हती, म्हणून माझा मुलगा मला सोडून गेलाय." माझ्याजवळ मात्र कधी असं बोलला नाही.

गेल्या वर्षी थेनचा परवाना लागला. गायीचाच.

तो सकाळी खानावळीत आला, नेहमीच्या खुर्चीत बसला आणि कोको ढवळत राहिला. मी समजले.

"लागला?"

"लागला."

"मग असं सुतकी तोंड का? नाचायचं सोडून."

"केल्टनला बोलवावं म्हणतो."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत त्याने पोराचं नाव माझ्यासमोर क्वचितच घेतलं होतं.

"बोलव की. फोन तर आहे ना?"

"काय म्हणू?"

"म्हण, चल माझ्याबरोबर. टोपी उचलायला कुणीतरी लागेल ना तुला."

हे मी सहज बोलून गेले, पण त्याने ते उचललं. त्या एका गोष्टीवर त्याने सगळी आशा बांधली. परवाना, कळप, ती गाय, सगळं त्याच्या लेखी आता एवढ्याचसाठी होतं : पोरगा येईल, शेजारी पालथा पडेल, बापाच्या बंदुकीवरची टोपी तो उचलेल. त्याने फोन केला. केल्टनने उचलला नाही. थेनने निरोप ठेवला, मग आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा. पानगळ झाली, डोंगरमाथ्यावर बर्फ पडला, मोसम उघडला. केल्टनचा फोन आला नाही.

शेवटी मी गेले. खानावळ दोन दिवस बंद ठेवली आणि खेचरं धरायला त्याच्याबरोबर चढले. वय झालंय, गुडघे बोलतात, पण त्याला एकट्याला सोडवेना.

कळप दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, एका उतारावर, वाऱ्याच्या उलट बाजूला. मी खेचरं घेऊन खडकाआड थांबले. थेन पोटावर सरकत पुढे गेला. त्याने एक म्हातारी गाय निवडली होती, पायाशी वासरू नसलेली. असं निवडायला तो सगळ्यांना शिकवायचा.

गोळीचा आवाज आला. मी वाट पाहिली. खूप वेळ काहीच नाही. ज्युडिथ नावाची आमची बेरकी खेचर मादी आहे, तिनेसुद्धा कान टवकारले. मला माहीत होतं तो काय करतोय : टोपी दुर्बिणीवर आणि डोळे कळपावर.

मग दुसरी गोळी.

मी खेचरं बांधली आणि पुढे गेले. कळप उताराच्या टोकाला निघाला होता. थेन उभा होता, हातात टोपी, आणि त्याच्या पुढे झुडपांत दोन गाई पडल्या होत्या. मधलं अंतर आमच्या अंगणाएवढंसुद्धा नसेल.

बायसनचं असं आहे, की एक जखमी झाला की बाकीचे पळून जात नाहीत. जवळ येतात. हुंगतात, अंग घासतात, डोक्याने ढोसून त्याला उभं करायला बघतात. थेनने मला नंतर सांगितलं, म्हातारी गाय पडली नव्हती, नुसती थांबली होती, आणि सगळ्यांनी तिला वेढलं. मग ती त्या गर्दीतच खाली बसली, झुडपांत दिसेनाशी झाली. आणि एक तरुण गाय बाजूला आली, एकटी, मान खाली घालून. तिच्या खांद्यावर रक्त होतं. थेनने घाई केली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तो थांबला, ती वेगळी होईपर्यंत थांबला, रक्त पुन्हा पुन्हा पाहिलं, मग स्वतःच्या हाताने टोपी उचलली आणि मानेत गोळी घातली.

आता तो त्या तरुण गायीपाशी गुडघ्यांवर बसला. गोळीचं भोक मानेत होतं. खांदा रक्ताने माखलेला. त्याने हातमोजा काढला आणि तळहाताने ते रक्त पुसायला लागला, केस उलटे करून करून शोधत राहिला. एकदा, दोनदा. बर्फ उचलून चोळलं. खाली कातडी साबूत होती. जखम नव्हतीच. म्हातारीला ढोसायला गेली असताना तिचं रक्त हिच्या अंगाला लागलं होतं.

"होतं गं," तो म्हणाला.

"काय?"

"रक्त. तो म्हणाला होता तसं."

मी बहीण आहे, मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. मला केल्टनची ती न वळणारी मूठ आठवली आणि इतका संताप आला की मी तोंड फिरवलं. समोर त्या तरुण गायीचं वासरू उभं होतं. त्याच वर्षीचं, उशिरा जन्मलेलं, अजून लालसर. कळप निघून गेला तरी ते हलत नव्हतं.

थेन ओरडला नाही, रडला नाही. सुरी काढली आणि कामाला लागला, कारण मटण कुणाची वाट बघत नाही. म्हातारीच्या पायाला त्याने परवान्याची पट्टी बांधली. दोन्ही गाई साफ केल्या. वासराला मी दोनदा हाकललं, दोन्ही वेळा परत आलं. मग कड्यावर जाऊन, जिथे फोन लागतो तिथून, त्याने शिकारखात्याला फोन केला.

दुपारी अधिकारी आला. तरुण मुलगा, नवीन बदलून आलेला, पण थेनचं नाव ऐकून होता. टोपी काढूनच बोलत होता. थेनने त्याला सगळं सांगितलं. तो पोरगा मान हलवत राहिला.

"समजलं. कळपात असं होऊ शकतं. तुमच्यासारखा माणूस म्हणतोय म्हणजे तसंच झालं असणार. दुसरी गाय मला जप्त करावी लागेल. तुम्हाला ताकीद देतो लेखी, बाकी काही नाही."

"बाकी काही नाही?"

"तुम्ही स्वतः फोन केलात, लपवलं नाहीत. आणखी काय हवं?"

"माझ्या मुलानेही स्वतःच केला होता," थेन म्हणाला. "याच उतारावर. त्यानेही हेच सांगितलं होतं. ते आता बदलून घ्या. लिहा, तो खरं बोलत होता."

अधिकाऱ्याला ते प्रकरण ऐकून ठाऊक असावं, कारण तो अवघडला. "ते मिटलंय हो केव्हाच. आणि त्या वेळी तर प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार होता म्हणतात."

"साक्षीदार मीच होतो."

 अधिकाऱ्याने टोपी घातली आणि तो जप्तीच्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी थेनने म्हातारीच्या पाठीच्या आतला मऊ भाग, सगळ्यात चांगला, कागदात गुंडाळून खोक्यात भरला आणि माझ्या दारात गाडी उभी केली. "चल," म्हणाला. एकट्याने जायची त्याची छाती नव्हती. अख्खा रस्ता तो ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होता.

केल्टनचं घर खाणीच्या वसाहतीत, शेवटच्या रांगेत. त्यानेच दार उघडलं. केस पिकायला लागलेत त्याचे, चाळिशीही आली नाही अजून. त्याने आधी मला पाहिलं.

"आत्या, आत ये. गारठा आहे."

"आम्ही दोघं आलोय," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

मी हलले नाही. थेन खोकं छातीशी धरून पायरीवर उभा होता. घोकलेलं सगळं विसरला असणार, कारण एकदम मधूनच बोलायला लागला.

"रक्त लागतं. दुसरीच्या अंगाला. ती जवळ जातात ना, तेव्हा. मी काल बघितलं. माझ्याकडूनही दोन पडल्या. तू सांगत होतास ते खरं होतं, केल्टन."

केल्टन दाराला टेकला. "मला माहीत होतं ते. मी तिथेच होतो."

"मी तुझं ऐकायला हवं होतं."

"तुम्हाला काय झालं मग?"

"कसलं?"

"दोन पाडल्यात ना? काय शिक्षा झाली?"

 खोटं बोलणं थेनला जमत नाही, तेवढं एक त्याचं खरं आहे. "ताकीद," तो म्हणाला. "लेखी."

"बस?"

"बस."

"तुमचं खरं मानलं त्यांनी."

"हो."

"वर कड्यावर कुणी नव्हतं, दुर्बीण घेऊन?"

थेनने नाही म्हणून मान हलवली. केल्टन हसला नाही, चिडलाही नाही. चिडला असता, खोकं उचलून रस्त्यावर फेकलं असतं, तर मी देवाचे आभार मानले असते. त्याने नुसतं मला म्हटलं, "सांभाळून जा आत्या, घाटात बर्फ आहे," आणि त्या वाकड्या हाताच्या मनगटाने दार लावून घेतलं.

थेन खोकं पायरीवर ठेवायला वाकला. दार पुन्हा उघडलं, जेमतेम चेहरा दिसेल इतकं.

"ते घेऊन जा," केल्टन म्हणाला. "मी बायसन खात नाही."

येताना गाडी मी चालवली. थेन खोकं मांडीवर घेऊन बसला होता. घाट उतरल्यावर मी म्हटलं, "पुन्हा जाऊ. वसंतात जाऊ." मलाही ते खरं वाटत नव्हतं. 

खेचरं त्याने हिवाळ्यातच विकली. ज्युडिथला कुणी घेईना, ती माझ्या परसात आहे, माझा कोबी खाते. शहरातून लोकांचे फोन येतात, आम्हाला थेन जेप्सनच हवा म्हणतात. मी सांगते, त्याने काम सोडलं. "अरेरे," म्हणतात. "फार सरळ माणूस होता म्हणे."

तो रोज येतो, नेहमीच्या खुर्चीत बसतो. ते मटण माझ्या फ्रीजरमध्ये आहे. प्रत्येक पुडक्यावर त्याने स्वतःच्या हाताने केल्टनचं नाव घातलंय, आणि मला बजावून ठेवलंय की यातलं कुणाला वाढायचं नाही. मटार काढायला मी झाकण उघडते तेव्हा दर वेळी ती नावं समोर येतात. वर्ष होत आलं. कडेने मटण पांढरं पडून सुकायला लागलंय, आता ते शिजवलं तरी कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.